थंडी लागलेलं गेट

सुरतेची थंडी हा एरवी चेष्टेचा विषय. नाशिकचे पाहुणे पौषातसुद्धा आमच्याकडे पंखा लावायला सांगतात. पण पलसाण्याच्या हायवेवर सकाळी मोटारसायकल चालवून बघा. मिलांचा धूर धुक्यात मिसळून नाकात शिरतो आणि बोटं ब्रेकवरच आखडून राहतात. माझा धंदा आपोआप उघडबंद होणारी गेटं दुरुस्त करण्याचा. हिवाळ्यात कुणी हुरड्याची वाट बघतं, मी अडकलेल्या गेटांची.

त्या हिवाळ्यात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या सरकत्या गेटाने रोज सकाळी नाटक सुरू केलं. बंद व्हायला निघायचं, अर्ध्यावर थबकायचं आणि रुसलेल्या जावयासारखं माघारी फिरायचं. असंच उघडं राहिलेलं असताना कापडाचे काही तागे चोरीला गेले. शेठने वॉचमनला सांगून टाकलं, गेट पुन्हा अडलं तर पिशवी उचलायची.

वॉचमन साठी उलटलेले, साक्रीकडचे. सगळे त्यांना काका म्हणत. पिशवी उचलून जायचं कुठे, हा प्रश्न होता. सुरतेतल्याच नवागामात मुलाची एकच खोली, त्यात सून, नातवंडं आणि शिलाई मशीन. काका गेटाजवळच्या केबिनमध्येच राहत. नोकरी म्हणजेच छप्पर.

मी गेलो, डॉक्टरसारखं दोनदा हुं हुं केलं आणि खांबावरच्या सेन्सरच्या काचेवरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट, चिकट. सगळा उलगडा झाला. केबिनला दार नव्हतं, म्हणून काका खांबाशीच मिलच्या चिंध्या पेटवून शेकत बसायचे. नायलॉनची चिंधी, तिचा डांबरासारखा धूर. दवाने ओल्या झालेल्या काचेवर तो रोज बसत गेला. मग गेटाला वाटे, मध्ये कुणीतरी उभं आहे. माणूस चिरडायला नको म्हणून बिचारं मागे फिरे. अख्ख्या मिलमध्ये माणसाची एवढी काळजी करणारं तेवढंच एक होतं.

मी बोट दाखवलं तसा काकांचा चेहरा उतरला. शेठला सांगू नका, एवढंच म्हणाले. मी काच पुसली आणि शेकोटी केबिनच्या मागे हलवायला सांगितली. शेठसाठी एक झकास थाप तयार करत होतो, तेवढ्यात शेठच आले, स्वतःचं निदान घेऊन. परदेशातल्या मेहुण्याने त्यांना फोनवर सांगितलं होतं की थंडीत तिकडची गेटं गोठतात.

"हवे समज्यो," शेठ म्हणाले, "गेटने पण ठंडी लागे." गेटलाही थंडी वाजते, हे त्यांना आता कळलं होतं.

तिकडे बर्फ पडतो, इथे स्वेटरही कपाटातच राहतो, असं मी म्हणून पाहिलं. पण शेठला पटलेली गोष्ट परत काढून घेणं माझ्या पान्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. आठवड्यात गेट ओढणाऱ्या मोटारीच्या पेटीत छोटा हीटर बसला. मीच बसवला. एवढ्या महाग वस्तूजवळ जाळ नको म्हणून शेठने सबंध आवारात शेकोटी बंद केली.

धूर गेला, काच स्वच्छ राहिली, गेट लोण्यासारखं चालू लागलं. शेठ येईल त्याला हीटर दाखवत.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा काका मोटारीच्या पेटीला पाठ टेकून बसले होते. पत्रा जेमतेम कोमट. छातीत खोकला घुसला होता. मी नेहमीप्रमाणे काहीतरी चावट बोललो. ते हसले नाहीत.

"गेटले थंडी लागस," ते म्हणाले. "माले नही लागस का, भाऊ?"

मी पेटी उघडली आणि बराच वेळ, काही गरज नसताना, स्क्रू आवळत बसलो.

संक्रांतीनंतर शेठने त्यांना काढलंच. गेटाबद्दल तक्रार नव्हती. बाहेरून व्यापारी येतात, दारात खोकणारा माणूस बरा दिसत नाही, असं म्हणाले. मुलगा रिक्षा घेऊन आला, तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी पिशवी मांडीवर घेतली. नव्या वॉचमनने बटण दाबलं. रिक्षा बाहेर पडली आणि तिच्यामागे गेट सरळ, न थबकता, पूर्ण बंद झालं.