रडून घे, मी थांबते

माझी मोठी जाऊ मिल्का हिच्याइतकी हट्टी बाई मी उभ्या पनवेलात दुसरी पाहिली नाही. आवाज चढवायची नाही, भांडायची नाही, पण मनात घेतलं की घेतलं. मी तिला वहिनी म्हणायची. तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर जुडाह, लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी विषमज्वराने गेले. मूलबाळ नव्हतं. इस्राएल आळीतल्या आमच्या घरात मागची खोली तिची. दिवसभर आळीतल्या बायकांची पोलकी शिवायची आणि संध्याकाळी ओटीवर एकटीच बसून राहायची. मी पाच पोरांची आई, मला तिच्याजवळ बसायला फुरसत कुठली? असं मी म्हणायची आपली. खरं सांगू? तिचं ते गप्प बसणं मला सोसत नसे.

एकोणपन्नास साली शेजारच्या गर्शोमची बायको बाळंतपणात गेली. मागे आठ दिवसांची पोर, बथशेबा. गर्शोम मुंबईला गोदीत कारकून, रजा मिळेल तसा घरी येणारा. आता पोर सांभाळायची कुणी, यावर आळीभर चर्चा चालली होती, तोवर वहिनीने ती उचलून आपल्या खोलीत आणलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने पोरीला न्हाऊ घातलं, ते बघायला मी मुद्दाम दारात उभी राहिले. मला वाटलं होतं, हिला काय जमतंय! ती पाटावर पाय पसरून बसली, पोरीला पायांवर पालथी घेतली, तेल लावलं आणि तांब्या हातात धरून तिला म्हणाली, "पाणी घालते हं, शेबू. आता पाठीवर." मग थांबली. पोरीच्या आवळलेल्या मुठी सैल होईपर्यंत थांबली, आणि मग धार सोडली.

"अहो वहिनी, नऊ दिवसांचं पोर ते! त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना," ती म्हणाली.

घ्या! अशा बाईशी काय बोलणार?

आम्ही यहुदी; शनिवारी आमचा शब्बाथ, चूल पेटवत नाही. आळीतल्या पोरांची आंघोळ त्या दिवशी गार पाण्याने नाहीतर दिवस मावळल्यावर. पण वहिनीच्या शेबूला ते चालायचं नाही. शुक्रवारी ऊन उतरायच्या आत ती हंडाभर पाणी उकळायची, टोपलीत भाताचा तूस भरून त्यात हंडा बसवायची आणि वरून गोधड्या गुंडाळायची. गोधड्या कुणाच्या? माझ्या! शनिवारी सकाळी पाणी अगदी अंगाला सोसेल इतकं ऊन असायचं. मी तणतणायची, "आमची पाच वाढली ती काय रानात वाढली?" ती हसायची आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा गोधडी मागायची.

शेबू चालायला लागली, पडायला लागली, भोकाड पसरायला लागली. पोर रडलं की आम्ही बायका काय करतो? 'गप, बागुलबुवा येईल' म्हणतो, नाहीतर एक धपाटा घालतो. वहिनी तिच्याजवळ खाली बसायची आणि म्हणायची, "रडून घे. मी थांबते." बस, एवढंच. शिलाई तशीच टाकून थांबायची. कधी दोन मिनिटं, कधी चांगला अर्धा तास. शेवटी शेबूच डोळे पुसून सांगायची, "झालं, मिल्काई." मिल्काई हे नाव पोरीनेच पाडलेलं.

आणि दुसरं म्हणजे, ती कधी पोरीचा डोळा चुकवून बाहेर गेली नाही. मी तर सर्रास जायची. पोरांच्या हातात चुरमुरे द्यायचे आणि मागच्या दाराने बाजार गाठायचा, सगळ्याच बाया तसंच करतात. माझा निसीम तीन वर्षांचा असताना मी तशीच एकदा गेले. नणंदेकडे अडकले आणि दुसऱ्या दिवशी परतले. त्यानंतर वर्षभर त्याने माझा पदर सोडला नाही. मोरीत गेले तरी दाराशी बसून राहायचा. मी त्याला चिकटा म्हणून मारायची. आता आठवलं की जीव तुटतो. शेबू मात्र वहिनी निघाली की खिडकीतून हात हलवायची आणि खेळायला लागायची. येते म्हटलं की मिल्काई येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेबू पाच वर्षांची झाली आणि गर्शोमचे इस्रायलचे कागद आले. तेव्हा आळीतलं घर आड घर तिकडे जायच्या गोष्टी करत होतं. कागद बाप-लेकीचे. वहिनीचं नाव कुठल्या नात्याने घालणार? शेजारीण म्हणून? गर्शोमने चौकशी केली, नाही असं नाही. मग एका सकाळी तो ओटीवर येऊन खाली मान घालून बसला.

"मिल्काताई, एक उपकार करा. तिला सांगा, तुम्ही मागून येणार. नाहीतर ती पोर माझ्याबरोबर पाऊल टाकायची नाही."

"मी येणार नाही ना पण," वहिनी म्हणाली.

"अहो, तिकडे गेल्यावर विसरेल ती!"

मीही त्याचीच बाजू घेतली. त्याच वेळी भीमाबाई कोळीण दारात टोपली उतरवत होती, तीही म्हणाली, "सांग गो तिला, मांगून येतंय म्हनून. पोरांना काय कलतंय? आमी नाय सांगत काय?"

निघायला चार दिवस होते. त्याच दुपारी वहिनीने शेबूला समोर बसवलं आणि सांगून टाकलं, "तू बाबांबरोबर लांब जाणार आहेस. मी येणार नाही. मला यायला मिळत नाही. मला फार वाईट वाटतंय."

बाई गं! त्या पोरीने काय आकांत केला! वहिनीला बुक्क्या मारल्या, हाताला कडकडून चावली. मी धावत आत गेले तर वहिनी तशीच खाली बसलेली, हातावर दातांचे वण, आणि म्हणतेय, "रडून घे. मी थांबते." दोन दिवस हेच चाललं. गर्शोम मला म्हणाला, "बघा, एवढं सांगितलं होतं." मीही मनात म्हटलं, बाईने हट्टापायी पोरीचे हाल केले. तिसऱ्या दिवशी शेबू आपणहून उठली, स्वतःची बाहुली पिशवीत घातली आणि म्हणाली, "झालं, मिल्काई."

जायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे एस.टी. स्टँडवर गेलो. ट्रंका टपावर चढल्या. शेबू बापाचा हात धरून मुकाट्याने गाडीत चढली, खिडकीशी बसली. रडली नाही, हट्ट केला नाही. वहिनीने तिच्यासाठी हात वर केला, आणि तो वरच राहिला. पंधरा वर्षांत, जुडाह गेले तेव्हासुद्धा, जिच्या डोळ्यांत मी चारचौघांत पाणी पाहिलं नव्हतं ती बाई मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबला तरी हुंदका आवरेना.

शेबू दाराकडे धावली. गर्शोम ओरडतोय, "शेबू, मागे ये!" पण ती उतरली, धुळीत वहिनीच्या शेजारी फतकल मारून बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडून घे. मी थांबते."

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला होता, तो त्याने तसाच खाली घेतला. थांबली हो ती पोर. खरंच थांबली. तिची काही उठायची चिन्हं दिसेनात. वहिनीने एकदा गाडीकडे पाहिलं, गर्शोमकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं, शेबूचंही पुसलं, आणि म्हणाली, "झालं गं, शेबू. माझं रडून झालं."

शेबूने तिच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि उठून गाडीत चढली. मिल्काई कधी खोटं बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

घरी आलो. वहिनी ओटीवर आपल्या जागी बसली आणि मला दिसत होतं, तिचं रडून काहीसुद्धा झालेलं नव्हतं. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी तिच्यासमोर उभी होते. पाच वर्षं रोज कानांवर पडलेले चारच शब्द म्हणायचे होते आणि तिच्याशेजारी बसायचं होतं. मला ते जमलं नाही. आजतागायत स्वतःची लाज वाटते.

"उठा वहिनी," मी म्हणाले, "भाकऱ्या थापायच्यात."

आणि ती उठली.