भट्टीतली पांढरी लोकर

बायको गेल्यावर माझ्या लोहारकीच्या भट्टीचा भाता ओढायला कोणी उरलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनंच तो ओढला आणि कोळशाचा धूरही तिनंच गिळला. शेवटी शेवटी नुसती खोकत होती. दवाखान्यात म्हणाले, धुरानंच झालं. तिचं तेरावं झाल्यावर पोराला आठवलं, की भट्टी गॅसवर पण चालते! त्याचं बोरीला वेल्डिंगचं दुकान आहे. एक लोखंडी डबा कापून, गॅसची नळी जोडून, आतून पांढरी लोकर बसवून घेऊन आला.

"सिरॅमिकची लोकर हाय, बा. धग आतल्या आत ऱ्हाती. गॅस कमी लागतो."

"वरून माती लिंपली का?"

"लागत न्हाई. दुकानदार म्हणला, हाय तशीच चालती."

पेटवली. खुरपं लवकर लाल झालं, खोटं कशाला बोलू. पण डब्याच्या तोंडातून त्या लोकरीचं बारीक पांढरं काहीतरी उडायला लागलं. छपराच्या भोकातून ऊन येत होतं, त्यात लख्ख दिसलं. सून शेजारी उभी होती. ती खोकली. एकदाच. मी गॅस बंद केला आणि पोराला अशा शिव्या घातल्या की गल्ली गोळा झाली.

"एक बाई खाल्ली या भट्टीनं! आता दुसरी देतूस का?"

गल्लीतला एक जण हसून म्हणाला, "म्हाताऱ्या, खूश व्हय की. आता भात्याला बाईमाणूस लागत न्हाई."

हातातली सांडशी त्याच्या टाळक्यात घालणार होतो. पोरानं धरलं.

डबा निवल्यावर तोंडाला ओला रुमाल बांधला, लोकरीवर पाणी शिंपडलं, भट्टीची माती पातळ कालवली. आमच्यात भट्टी लिंपायचं काम बाईचं. अमावस्येला भट्टी बंद, त्या दिवशी बायको लिंपायची. ती गेल्यावर जुन्या भट्टीला भेगा पडल्या, तरी मी कोणाला हात लावू दिला नव्हता. आताही एकटाच बसलो. पण डब्याचं तोंड लहान, माझा पंजा आत जाईना. बोटांची कातडी सोलली.

सूनही तोंडाला पदर बांधून आली. "मामा, सरका."

"तुला येत न्हाई."

"तुमी शिव्या द्या, मी लिंपते."

दिल्या. जाड झालं, कोपरा ऱ्हायला, चुलीला पोतेरं द्यायलीस का? ती पदराआड हसत होती अन् लिंपत होती. सावलीत वाळू दिलं, मग वरून दुसरा हात दिला.

चांगलं वाळल्यावर पुन्हा पेटवली. आधी बारीक जाळ ठेवून ओल जाऊ दिली, मग वाढवून खुरपं आत घातलं. उन्हात काही उडालं नाही. तिघंही तिथंच उभी होतो. कोणी खोकलं नाही.

"आता का झालं, बा? तोंड का पाडलं?"

काय सांगू त्याला? ती होती तेव्हाही एवढ्यावर भागलं असतं. एक डबा अन् घमेलंभर माती. मी ते लाल खुरपं ऐरणीवर घेतलं, हातोडा उचलला आणि त्यावर असा हाणत सुटलो, की त्याचं खुरपं राहिलं नाही.