पाच ठिपक्यांचा निळा दगड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मध्ये थांबवलेलं मला चालणार नाही. गेल्या उन्हाळ्यात सुरतेत मी जो शहाणपणा केला, तो आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक झालाच आहे. तुम्हीच तेवढं मागे का राहावं?

आधी माझं दुखणं सांगतो. माझा साडू रमेश हिऱ्यात आहे आणि मी डाइंग मिलमध्ये, पांढऱ्या कापडाच्या खात्यात. सासुरवाडीला गेलो की सासरे दारातच विचारणार, "रमेशराव नाही आले?" अहो, मी आलोय ना! थोरला जावई आहे मी! पण अठरा वर्षांत त्या माणसाने मला स्वतःहून एक फोन केला नाही. रमेशला मात्र दर रविवारी. एकदा तरी त्यांनी आपणहून माझी आठवण काढावी, एवढीच माझी इच्छा होती. फार आहे का?

तर एका रविवारी रमेश आमच्या कोसाडच्या घरी आला. खिशात जांभळ्या उजेडाची टॉर्च. तिच्याखाली काही हिरे निळे चमकतात म्हणे. मी नुकताच पाळीवरून आलो होतो. दार आपटू नये म्हणून आम्ही एक दगड लावतो, गावाकडच्या विहिरीतून निघालेला, बारीक बारीक स्फटिकांचा. तो उचलून मी दाराआड सरकवला. रमेशने तिकडच्या अंधारात गंमत म्हणून टॉर्च मारली.

दगडावर पाच निळे ठिपके! चार एका ओळीत, पाचवा खाली.

"भाऊ," रमेश म्हणाला, "असे दगड जमवणारे लोक असतात. निळा चमकणारा तर लाखात एखादा!"

साडूच्या तोंडून, माझ्या वस्तूबद्दल, हे शब्द!

आमची मंगल स्वयंपाकघरातून ओरडली, "दगड शे तो, दगड! दाराले आते काय लावू?"

तिच्याकडे कोण लक्ष देतो? मी विचार केला, पाच ठिपके दिसताहेत, म्हणजे बाकीची चमक मळाखाली दडली आहे. आणि वस्तू उजळवणं हाच तर माझा धंदा! पांढऱ्या कापडाला झळाळी यावी म्हणून आम्ही मिलमध्ये एक पावडर वापरतो. तिची पुडी घरी आणली, बादलीत कालवली आणि दगडाला दिवसभर भिजवलं. संध्याकाळी दाराआड ठेवून रमेशकडून मागून घेतलेली टॉर्च मारली, तर अख्खा दगड निळा! दुसऱ्या दिवशी पुन्हा आंघोळ, चमक दुप्पट. तिसऱ्या दिवशी तर बघवेना. दगड फुलत होता हो!

गल्लीतली माणसं बघायला यायला लागली. एका आजीबाईंनी हळद-कुंकू वाहून नारळ ठेवला. मी नारळ ठेवून घेतला आणि दगडाला परत बादलीत घातलं.

रमेशने नाशिकच्या देवरे सरांचा नंबर मिळवला. कॉलेजातून रिटायर झालेले, घरभर दगड जमवलेले. मी त्यांना फोटो पाठवले. लगेच फोन.

"चमक वाढतेय? रोज?"

"रोज, सर. आमचा हातगुण असेल."

त्यांनी आमचा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाले, "मी येतोय."

हे ऐकून मी सासऱ्यांना फोन लावला. "मामा, माझ्याकडे दुर्मीळ दगड निघाला! नाशिकहून सर येताहेत बघायला!"

"अस्सं?" सासरे म्हणाले. "रमेशरावांनी पाहिला का?"

सर आले ते भर दुपारी. पाहुणे येणार म्हणून मी सकाळीच दगडाला आणखी एक आंघोळ घातली होती, या वेळी दुप्पट पावडर. खिडक्या लावल्या तरी उजेड येत होता, म्हणून गोधडी काढली. मे महिन्यात, सुरतेत, एका गोधडीखाली सर, रमेश, मी आणि दगड! घामाने आम्ही तिघेही निथळत होतो. सरांनी टॉर्च लावली.

दगड असा पेटला की सर "अरे देवा!" म्हणाले. मी रमेशकडे बघून ऐटीत हसलो.

"पुन्हा हसा बरं," सर हळूच म्हणाले.

टॉर्च माझ्याकडे वळली होती. माझे हात कोपरापर्यंत निळे. मिशी निळी. दोन्ही कान निळे. डोक्यावर मी जिथे खाजवतो तिथे एक पट्टा, तोही निळा.

रमेश किंचाळला, "भाऊ, तुम्हीपण!"

सर गोधडीतून बाहेर आले. गरम पाणी आणि ब्रश मागितला, दगड खसाखसा घासला आणि तो दाराआड धरून टॉर्च मारली. काही नाही. बादलीत मारली, बादली निळीशार! मग त्यांनी माझा हात धरला आणि दगडावर ठेवला.

"ते पाच ठिपके कुठे होते?"

चार बोटांखाली चार, अंगठ्याखाली पाचवा.

"आपण काम काय करता?" सरांनी विचारलं.

सांगितलं. काय करणार? अठरा वर्षं तीच पावडर कालवतोय मी! पण मिलमधले दिवे बंद करून कोणी कधी अशी टॉर्च मारली असती, तर दिसलं असतं ना मला?

सर भला माणूस. रागावले नाहीत, शेवभाजी खाल्ली, आणि जाताना मला पुन्हा गोधडीत घालून एक फोटो काढला. दोन दिवसांनी तो मोबाईलवर आला. निळ्या उजेडात मी, दात काढून हसतोय. ते आपल्या प्रत्येक दगडाखाली लावतात तशी चिठ्ठी माझ्याखाली होती: "रंग निळा. सापडण्याचं ठिकाण कोसाड, सुरत. पाण्यात टिकत नाही." रमेशने तो घरच्या ग्रुपवर टाकला. टाकणारच!

आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांचा फोन! स्वतःहून! थेट मला! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

"बोला मामा, बोला!"

"जावईबापू," सासरे अगदी मायेने म्हणाले, "दोन दिवसांपासून आमच्याकडे लाइट नाही. केव्हा येता?"