सर्व्हर मारायला शिकले तेव्हा

कोल्हापूरच्या मुली मला हल्ली फोन करून विचारतात, ताई, क्लाऊड शिकायचंय, सुरुवात कुठून करू? मी सांगते, आधी लिनक्सच्या कमांड हाताला बसव. मग दोन कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतात ते समजून घे. मग एक फुकटचं खातं उघड, त्यात स्वतःचा सर्व्हर उभा कर, आणि उभा राहिला की मारून टाक. परत उभा कर, परत मार. इथवर आल्यावर बहुतेक जणी मला मधेच तोडतात, कारण त्यांना कोणतं सर्टिफिकेट करायचं एवढंच ऐकायचं असतं. मग मलाही राग येतो आणि मी फोन ठेवते.

मी स्वतः बी.कॉम. झालेली. मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ बघून सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत डोक्याचा भुगा झाला. मग राजारामपुरीत एका अरुंद जिन्यावरचा क्लास सापडला. तिथल्या मॅडम बुटक्या, पण आवाज तालमीतल्या वस्तादाचा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच्या जागेत भाड्यानं घेतलेला कॉम्प्युटर. तो मुंबईत असो नाहीतर हैदराबादला, तुमचा हात इथून तिथं पोचतो. एवढं डोक्यात शिरलं की निम्मं काम झालं." आम्ही दिवसभर खपून काहीतरी उभं करायचो आणि या बाई मागून येऊन आमच्या देखत ते उडवून टाकायच्या. एकदा एक मुलगी ढसाढसा रडली. तिला म्हणाल्या, "रडून काय होतंय? कसं बांधलं ते फाईलमध्ये लिहून ठेवलं असतंस, तर एका कमांडमध्ये परत उभं राहिलं असतं." मला त्या बाईंचा असा संताप यायचा की त्या संतापातच मी शिकले. संतापाची मला घरूनच सवय होती.

आमचं घर गवळ्याचं. दारात म्हशी, आणि संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, त्यातल्या दोघी घेऊन गावातल्या दूध-कट्ट्यावर जातात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि आबा त्याच्या ग्लासातच धार काढून देतात. आबांनी आयुष्यात कधी म्हशीवर काठी उगारली नाही. म्हशीला ते 'माय' म्हणतात. काठी घरातल्या माणसांसाठी होती. दूध उतू गेलं की मार. पाहुण्यांसमोर हसले की मार. बारावीला चांगले मार्क पडले त्या दिवशीही एक कानाखाली बसली, कारण पेढे आणायला उशीर झाला. मला कोल्हापूर सोडायचं होतं ते काही पगाराच्या हावेनं नाही. जिथं कुणाचा हात माझ्यावर उठणार नाही अशी एक खोली मला हवी होती, आणि ती नोकरीशिवाय मिळणार नव्हती.

सरावासाठी मी आमच्या रतिबाचीच वेबसाइट केली. गिऱ्हाइकानं फोन उघडायचा, 'उद्या दूध नको' यावर बोट ठेवायचं, की आम्हाला कळलं. गोष्ट साधीच, पण ती मी माझ्या हातानं बांधली होती. तिच्या जोरावर पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. ऑनलाइन, कॅमेऱ्यासमोर, दुपारी चार वाजता.

दिवाळी तोंडावर आली होती. पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं खोवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि म्हैस रस्त्यावर आणायची. मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल तिच्यापुढं पिसाळल्यासारखी पळवतो आणि म्हैस त्यामागं धावते. दुसऱ्या कुणाच्या गाडीकडं ती बघतसुद्धा नाही, आपल्या मालकाचीच गाडी, आपल्या मालकाचीच हाळी. त्याचा सराव आधीपासून दारातच चालतो. गाडी जागेवर नुसती रेस करायची आणि मधूनमधून हाळी द्यायची. मांडणीवरची भांडी थरथरतात, आणि शेजारी कुरकुरत नाहीत कारण त्यांच्या दारातही तेच चाललेलं असतं.

मुलाखतीच्या दुपारी मी बाहेर गेले आणि म्हणाले, "आबा, चार ते पाच तेवढी गाडी बंद ठेवा. मला कॅमेऱ्यासमोर बोलायचं हाय."

"कुणासंगं?"

"पुण्याच्या कंपनीसंगं. नोकरीचं हाय."

आबांनी गाडी बंद केली. मला वेडीला वाटलं, ऐकलं. ते घरात गेले आणि माझा लॅपटॉप घेऊन बाहेर आले. "पुण्याची नोकरी व्हय? आणि माज्याच दारात मला गाडी बंद करायला सांगतीस व्हय?" असं म्हणत त्यांनी तो गव्हाणीच्या दगडी काठावर आपटला. पडदा तडकला. मग त्याचे दोन तुकडे झाले, तरी ते आपटतच राहिले. बटणं उडून वैरणीत पडली आणि म्हशीनं ती हुंगून बघितली. "संपलं तुजं पुणं," आबा धापा टाकत म्हणाले.

आणि मला हसू फुटलं. माझा सर्व्हर मुंबईत कुठल्यातरी थंडगार खोलीत चालू होता, आणि हा माणूस इथं दारात एक डबडं कुटत होता. "आबा, त्यात काय बी न्हाय," मी म्हणाले. "ते सगळं तिकडं हाय. तुमच्या हाताला घावायचं न्हाय."

हे बोलायला नको होतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आबांनी केसाला धरून माझं तोंड भिंतीवर आपटलं. ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. दुसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात माझ्या हाताला दुधाची किटली लागली. ती मी सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या खांद्यावर हाणली. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. वाईट वाटलं का? नाही. आजही वाटत नाही.

आबा ओरडले, आणि ती ओरड नेमकी त्यांच्या हाळीसारखी निघाली. पंधरवडाभर त्याच हाळीवर पळायला शिकलेल्या म्हशीनं दावं तोडलं आणि ती थेट त्यांच्याकडं धावत आली. आमच्या दारातला बोळ अरुंद. म्हशीनं मायेनं अंग लावलं आणि आबा भिंतीला चेपले गेले. एका दमात ते तिला हळू आवाजात "सर माय, मागं सर" म्हणत होते आणि मला आईबहिणीवरून शिव्या घालत होते. मी अनवाणीच पळाले.

रिक्षावाल्यानं माझं तोंड बघून विचारलं, "ताई, दवाखान्यात काय?"

"न्हाय, क्लासला," मी म्हणाले.

मॅडमनी मला बघितलं, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून एका मुलाला उठवलं आणि ओला रुमाल हातात दिला. "फोन आहे ना?" एवढंच विचारलं. फोन ड्रेसच्या खिशात होता. पासवर्डनंतर फोनवर येणारा आकडा टाकल्याशिवाय खातं उघडत नाही, तेव्हा फोन राहिला म्हणजे सगळं राहिलं. मी आकडा टाकला. माझा सर्व्हर जिथल्या तिथं चालू होता.

चार वाजता मुलाखत सुरू झाली. पडद्यावरच्या माणसानं माझा ओठ बघितला. "आपण दुसऱ्या दिवशी बोलूया का?" त्यानं विचारलं.

"नको. आत्ताच बोलू."

त्यानं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, "समजा, तुमचा हा सर्व्हर आत्ता बंद पडला, तर काय कराल?" याचं उत्तर तोंडी द्यायचं असतं. मी म्हणाले, "बघा," आणि त्याच्या डोळ्यांदेखत सर्व्हर मारला. "अहो, नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं!" तो खुर्चीतून पुढं सरकला. गिऱ्हाइकांची माहिती मी वेगळ्या जागी जपून ठेवली होती आणि बाकी सगळी बांधणी एका फाईलमध्ये लिहिलेली होती. ती फाईल चालवली. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या, रुमालाला रक्त लागत राहिलं, आणि शेवटी पान उघडलं. उद्या दूध नको. मागून मॅडमनी माझ्या पाठीवर एक जोरदार थाप मारली, त्यानंही मी दचकले.

नोकरी मिळाली. पण ते नंतर कळलं. त्या दिवशी मला आधी घरी जावं लागलं, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

आबा खांदा बांधून कट्ट्यावर गेले होते आणि म्हशीनं मारलं म्हणून लोकांना सांगत होते. घरात आई एकटीच होती. आई म्हणजे आबांचा आवाज चढला की स्वयंपाकघरात नाहीशी होणारी बाई. मला तिचा आबांइतकाच राग होता. मला वाटायचं, गप्प राहून ती आपल्यापुरती सुटका करून घेते. ती सुपात लॅपटॉपचे तुकडे गोळा करत बसली होती.

"सगळं गेलं काय गं?" तिनं विचारलं.

"काय बी गेलं न्हाय, आई. सगळं तिकडं हाय."

"एवढं फोडलं तरी?"

"फोडलं तरी."

"आणि जाळलं तर?"

"तरी न्हाय जाणार."

"त्यास्नी कळलं, तर त्यास्नी ते काढून टाकता येतंय?"

"माज्या फोनशिवाय कुणालाच उघडत न्हाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि दार लोटून घेतलं. मग खिडकीच्या उजेडात येऊन माझ्याकडं पाठ केली, पदर खाली सोडला आणि ब्लाऊजचे हूक काढले.

"घे फोटो," ती म्हणाली. "आणि तिकडं ठेव."

जुने वळ पांढरे पडलेले, नवे काळेनिळे, आणि मधे एक जागा भाजल्यासारखी. माझ्यावर हात उठायचा तो दारात, सगळ्यांच्या देखत. तिच्यावर कधी आणि कुठं उठत होता, ते एकाच घरात राहून मला कळलं नव्हतं. मी फोटो काढले, एकेक करून वर चढवले आणि पोचले म्हणून फोन तिच्यापुढं धरला.

आईनं ब्लाऊज सावरला आणि फोन हातात घेतला. "एवढं हाय व्हय?" ती हळूच म्हणाली. स्वतःची पाठ ती पहिल्यांदाच बघत होती.