दोन डाव्या बाह्या

वहिनी कापायची, नणंद शिवायची आणि दोघी मिळून दिवसभर भांडायच्या. शिवणाच्या त्या दुकानाचा कारभार वर्षानुवर्षं असाच चालला होता. वहिनीच्या जिभेला हाड नव्हतं. "वन्सं, ही टीप आहे की गोगलगायीची वाट?" असं ती भर गिऱ्हाइकासमोर विचारायची आणि नणंदेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण वहिनीने कापलेला कोट असा बसायचा, की माणूस आरशासमोरून हलायचं नाव घ्यायचा नाही. म्हणून नणंद शब्दाला शब्द देत शिवत राहायची.

मग एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. कापड आधी दुमडायचं आणि मग कापायचं, म्हणजे एक बाही डावी, एक उजवी आपोआप होते, हे तर नवशिक्यालाही ठाऊक असतं. वहिनीने न दुमडताच एकापाठोपाठ एक दोन कापल्या होत्या. नणंद खो खो हसली. वहिनी मात्र हसली नाही, कारण त्यात चुकलंय काय, हेच तिला दिसेना.

तिथून डॉक्टरांकडे खेटे सुरू झाले. एकाने थायरॉईड म्हटलं. दुसऱ्याने मनावर ताण आहे म्हणून गोळ्या दिल्या, त्या घेऊन ती नुसती पेंगत राहिली. शेवटी मेंदूचा मोठा डॉक्टर. त्याने फोटो उजेडाला धरून खूप वेळ पाहिले आणि म्हणाला, "विस्मरणाचा आजार असेलही, नसेलही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर यांना जपा, वाद घालू नका."

जपा म्हणे! नणंद दवाखान्याच्या जिन्यातच भडकली. ज्याला रोगाचं नाव सांगता येत नाही, तो आम्ही घरात कसं बोलायचं ते शिकवणार? दादा नेहमीप्रमाणे मूग गिळून चालला होता. "होईल गं सगळं ठीक," एवढंच तो बोलला. याला इथूनच खाली ढकलावं, असं तिला वाटलं.

तरी तिने डॉक्टरचं ऐकलं, याचाच तिला नंतर सगळ्यात जास्त राग आला. तिने आवाज उतरवला, टोमणे बंद केले. वहिनीचं चुकलं की उरल्या कापडातून ती गुपचूप दुसरी बाही काढायची आणि चुकलेली चिंध्यांच्या गोणीत तळाशी कोंबायची. दुकानात नुसती मशीनची घरघर उरली. कुणी बोलत नाही म्हणजे सगळं बरोबर, असं समजून वहिनी बिनधास्त कात्री चालवू लागली.

एका दुपारी अस्तराला तुकडा हवा म्हणून वहिनीने गोणी जमिनीवर पालथी केली. बाह्याच बाह्या बाहेर पडल्या आणि प्रत्येकीवर तिच्याच खडूची खूण होती.

"हे काय आहे, वन्सं?"

"राहू दे गं. दमली असशील, जरा बस."

"त्या आवाजात बोलू नका माझ्याशी!" वहिनीने कात्री टेबलावर आदळली. "मी मेलेय का? तुमची टीप वाकडी गेली तेव्हा मी कधी चोरून उसवली? तोंडावर सांगितलं!"

"मग काय करू मी?" नणंदेचा बांध फुटला. "त्या डॉक्टरला कळत नाही, दादा तोंड उघडत नाही आणि जाब मला विचारतेस! मला भीती वाटते वहिनी, आणि कुणाच्या नावाने बोटं मोडावीत तेही कळत नाही!"

दोघी रडल्या. मग वहिनीने मनगटाने नाक पुसलं. "सांगितल्यावर घडी घालता येतेय, तोवर कात्री माझी. चुकले की ओरडायचं. गिऱ्हाईक असलं तरी. शब्द द्या."

नणंदेने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गिऱ्हाईक कोटाचं भारी कापड घेऊन आलं. वहिनीने मापं घेतली, कापड एकपदरीच पसरलं आणि कात्री उघडली.

"वहिनी! आधी दुमड! डोळे फुटले का तुझे?"

गिऱ्हाईक दचकलं. वहिनी लालेलाल झाली. "चार लोकांत माझा पाणउतारा करता? कुणी दिला हा हक्क तुम्हाला?"

नणंदेने तिच्या डोळ्यांत पाहिलं. कालची दुपार तिथे नव्हतीच. 'तूच दिलास,' हे शब्द ओठांवर आले. पण ते ऐकून वहिनी आठवत बसली असती, आणि त्या परक्या माणसासमोर तिला काहीच सापडलं नसतं.

"मीच घेतला!" ती ओरडली. "दुमड म्हणते ना!"

वहिनीने तिचा उद्धार करत करत कापड दुमडलं.