वड, सोनाली आणि हदगावची गाडी

झाडं लावणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "किती जगली?" रोपांना टँकर लागतो, कुंपण लागतं, बकरीवाल्यांशी भांडावं लागतं. किस्से मात्र बिनपाण्याचे उगवतात आणि मरतही नाहीत! नांदेडात मी विशी-बाविशीतल्या पोरापोरींची टोळी घेऊन रस्त्याकडेला झाडं लावते, जुनी सांभाळते. पोरं मला ताई म्हणतात. मी स्वभावाने खवट, सहसा कशाला भारावत नाही. या पोरांच्या नादाने तो स्वभाव पार बिघडला आहे.

*

एका कूलरवाल्या चाचांच्या दुकानापुढे आम्ही कडुलिंबासाठी खड्डा घ्यायला लागलो. चाचा गरजले, "इथं सावली झाली तर माझे कूलर कोण घेणार?"

टोळीतला इम्रान जुन्या नांदेडचा, जिभेवर साखर. म्हणाला, "चाचा, ये लिंब बडा होईपर्यंत लई उन्हाळे जातेत. तवर विको ना!"

चाचांना हसू फुटलं आणि खड्डा झाला.

मे महिन्यात पाहणीला गेलो तर रोपच दिसेना! माझा पारा चढला. जवळ जाऊन बघते तर कूलरचं भलंमोठं खोकं उन्हाच्या बाजूने उभं केलेलं आणि त्याच्या सावलीत रोप मजेत. मी चाचांकडे वळले. ते ओशाळून म्हणाले, "बच्चा है ना अभी. धूप सहन न्हाई होत."

*

लातूर म्हणजे क्लासेसचं शहर. तिथल्या झाडांच्या अंगात क्लासेसच्या पाट्यांचे खिळे. ते उपटायला मागच्या वर्षी आमची टोळी गेली होती. आमच्या बालाजीने त्याच शहरात दोनदा डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दिलेली, दोनदा रिकाम्या हाताने परतलेला. शिडीवर चढला आणि थबकला. समोर त्याच्याच क्लासची पाटी, टॉपरांचे हसरे फोटो!

मी खालून ओरडले, "दे फेकून!"

पठ्ठ्याने एकेक खिळा सावकाश काढला, पाटी बाहीने पुसली आणि समोरच्या माडीवरच्या क्लासात नेऊन दिली. मी मागोमाग गेले. सरांनी त्याला लगेच ओळखलं. "अरे बालाजी! काय करतोस सध्या?"

"तुमचे खिळे काढून राहिलो, सर."

सरांनी पाटी बाजूला ठेवली. मग खाली आले आणि दुपारच्या उन्हात आमची शिडी धरून उभे राहिले.

*

रस्ता रुंद करायचा म्हणून एक जुना वड हलवायचा ठरला. तोडण्यापेक्षा बरं, म्हणून काम आम्ही अंगावर घेतलं. फांद्या छाटल्या, मुळं मातीच्या गोळ्यासकट ओल्या गोणपाटात बांधली आणि क्रेनने वड ट्रेलरवर आडवा घातला. शहराबाहेरच्या मैदानात त्याच्यासाठी खड्डा तयार होता. आमच्या टोळीतली हदगावची सोनाली मुळांवर पाणी शिंपडत ट्रेलरच्या बाजूने चालत होती, नवरीसोबत करवली चालावी तशी.

वाटेत समोरून खरीच वरात आली. बँड, घोडा, डोक्यावर फेटा बांधलेला नवरदेव. आता दोन तास हलत नाही, मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात नवरदेव घोड्यावरून ओरडला, "ए, बाजूला व्हा रे! आधी त्यायला जाऊ द्या, त्यायची वरात मोठी हाय!"

बँडवाले बाजूला झाले. घोडासुद्धा. वड पुढे निघाला तेव्हा वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या हात जोडून उभ्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला, लपवत नाही.

*

वड लावला खरा, पण फुटेना. होळी झाली, पाडवा झाला, एक पान नाही. सोनाली रोज त्याला पाणी घालायची. अशात तिचे वडील हदगावहून आले. चांगली शेती असलेला, मोजकं बोलणारा माणूस.

"म्याडम, पोरीला बीएस्सी केलं. लोकं इचारतात, नांदेडात काय करती? मी काय सांगू, लाकडाला पाणी घालती म्हणून?"

"लाकूड न्हाई बाबा, झाड हाय ते," सोनाली म्हणाली.

"मग पालवी दाखव. वटपौर्णिमेपस्तोर फुटलं तर राहा तू. न्हाई फुटलं तर बॅग भरायची."

बॅग भरायची म्हणजे काय, ते टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घरी बसायचं आणि येतील ती स्थळं बघायची. सोनालीने मान हलवली आणि बादली उचलली. त्या दिवसापासून इम्रान आणि बालाजी तिच्याआधी मैदानात हजर असायचे.

*

वटपौर्णिमा उजाडली. वड तसाच उघडाबोडका. बाबा सकाळीच आले. सोनालीने भरलेली बॅग त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती खांद्याला अडकवली.

इतक्यात दोन ऑटो येऊन थांबले. वडाच्या जुन्या गल्लीतल्या बायका पत्ता विचारत विचारत आल्या होत्या, हातात पूजेची ताटं! त्यांतली एक नवी सून वडाकडे बघून कुजबुजली, "आत्याबाई, एक पान न्हाई ह्याला. पूजा चालती का?"

सासू फणकारली, "नवरा आजारी पडला म्हणून त्याच्यासाठीचा उपास सोडती का गं कुणी?"

बायका दोरा घेऊन त्या उघड्या बुंध्याभोवती फिरायला लागल्या. बाबा एकटक बघत होते. बायका गेल्या तसे ते पुढे झाले, बुंध्यावर हात ठेवून एक फेरा मारला आणि मागच्या बाजूला थांबले.

"सोने, हिकडं ये. फुटलंय."

आम्ही सगळेच धावलो. बाबांचं बोट सालीवर टेकलेलं होतं. मी चष्मा पुसून वाकले.

"कुठंय काका?" बालाजीने विचारलं.

"हे काय, माझ्या बोटाखाली."

"मग बोट उचला की!"

"उचलल्यावर वारं लागंल त्याला. लई कवळं हाय."

बालाजी पुन्हा काही बोलणार, तोच इम्रानने त्याचा दंड दाबला. बाबांनी दुसऱ्या हाताने खांद्यावरची बॅग काढून सोनालीच्या पायाशी ठेवली.

"तू धर आता. मला हदगावची गाडी गाठायचीय."

त्यांनी बोट उचललं, आणि उचलता उचलता सोनालीने त्या जागेवर आपलं बोट ठेवलं.