ताईचा दुसरा ओटा

आता तुमच्यापासून काय लपवू? माझी हुशारी वसमतच्या एका गोदामाच्या दारात चक्क सिमेंटनं बांधलेली होती. नंतर ती घणानं फोडावी लागली!

हसू नका. आधी ऐका.

गोदाम आमचंच. हळदीचे व्यापारी रफीकभाई भाडेकरू. त्या भाड्यावर माझं वकिलीचं शिक्षण चाललंय. दारातला ओटा फुटला, तेव्हा रफीकभाई माझ्या वडिलांना म्हणाले, "अण्णा, नवा ओटा टेम्पोच्या फळीएवढा उंच करा. हमालांना पोती चढवायची लई तकलीफ होऊन राहिली."

अण्णा लगेच तयार. मी आडवी!

"अण्णा, होता तसाच बांधला तर ती दुरुस्ती. खर्च भाड्यातून वजा, कर कमी! उंच केला की सुधारणा. मग काहीच वजा होत नाही."

"अगं, पण पोती..."

"कायदा तुम्हाला कळतो का मला?"

बी.कॉम. झाले होते ना मी! अण्णांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं टेप लावली की मी पुन्हा लावायची. एक थर जास्त चढला, तो ओला असतानाच उतरवायला लावला! हुबेहूब जुन्यासारखा बुटका ओटा उभा राहिला.

हंगाम सुरू झाला आणि रफीकभाई घरी आले.

"बेटी, हमाल यायला तयार न्हाईत. मी दुसरं गोदाम बघून राहिलो."

आता फी कुठून भरायची? तशीच अण्णांना घेऊन कर सल्लागार मॅडमकडं गेले. म्हटलं, माझंच बराबर आहे, हे त्या तरी सांगतील.

"हा नियम कुठं मिळाला तुला?"

"मोबाईलवर. इंग्रजी व्हिडिओ होता."

"मग परदेशातला असणार! आपल्याकडं घरपट्टी भरून उरलेल्या भाड्यातून तीस टक्के सरसकट वजा होतात. दुरुस्ती करा, नाहीतर झोपा काढा. उंच ओट्याची बिलं मात्र जपा, गोदाम विकताना नफ्यावरच्या करात कामी येतील."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "काहून गं, कायदा कुणाला कळतो?"

नवाकोरा ओटा फोडताना मिस्त्री म्हणाला, "ताई, टेप न्हाई आणली?"

पण उंच ओटा झाला झकास! टेम्पो टेकतो, पोतं सरळ आत. रफीकभाईंनी करार वाढवला, माझी फीही भरली गेली. हमाल तर इतके खूश, की त्यांनी बारसंच केलं: 'ताईचा दुसरा ओटा'.

नवा माणूस हमखास विचारतो, "मंग पहिला कुठाय?"

की झालं! सगळे पोती खाली ठेवतात आणि सविस्तर सांगायला बसतात. त्याच ओट्यावर!